आम्हाला हरू द्या!

जुन्या ठोकळ्यांच्या खेळावर दुकान थाटून बसलेल्या अ‍ॅपवाल्या महाशयांस,

'सप्रेम' लिहवत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं अ‍ॅप मी फोनवर घेतलं ते जुन्या प्रेमापोटी. नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्यापैकी कित्येकांच्या हातात प्लॅस्टिकचा ब्रिक गेम होता. पेन्सिल सेलवर चालायचा, सेल काढले की हायस्कोअर पुसला जायचा. खोक्यावर '९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि आत त्याच त्या चार खेळांची उलटापालट निघायची. पण त्या थापेचा राग कुणी धरला नाही, कारण वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा एकच खेळ अख्ख्या मे महिन्याला पुरायचा. तोच टेट्रिस. तोच खेळ आपल्याकडे आहे असं तुम्ही सांगता. ते खरं नाही.

१९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी हा खेळ 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्रावर रचला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले. पाच चौकटींच्या तुकड्यांचं एक कोडं त्यांना आवडायचं. पण पाचाचे आकार होतात बारा, ते फार झाले. चाराचे होतात सात. त्या सातांवर ते थांबले. तरीही पट बघता बघता भरून जायचा, तेव्हा भरलेली ओळ पुसून टाकायची युक्ती त्यांनी काढली आणि खेळ उभा राहिला. या युक्तीकडे जरा नीट बघा. तुमचं चोख काम डोळ्यांदेखत नाहीसं होतं, आणि साचत जातात त्या फक्त चुका. दहा चौकटी रुंद आणि वीस उंच एवढ्याशा जागेत याहून नेटकी रचना मी पाहिलेली नाही. खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत रशियाबाहेर गेला, १९८९ मध्ये गेमबॉयबरोबर घरोघरी पोचला, आणि करणाऱ्याला पहिली दहाएक वर्षं त्याचं मानधनही मिळालं नाही, कारण हक्क सरकारकडे होते.

आता मुद्द्याचं. या खेळात शेवटी हरायचंच असतं. 'एस' आणि 'झेड' हे दोन वाकडे तुकडे आळीपाळीने येत राहिले तर कितीही पट्टीचा खेळाडू अखेर बुडतोच, हे हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. येणारे सगळे तुकडे आधीच कळले तरी सर्वोत्तम खेळी शोधणं संगणकालाही अतिशय अवघड, हे २००२ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी सिद्ध केलं. सात आकार, चार-पाच बटणं, आणि तळ लागत नाही! डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा निन्टेन्डोच्या जुन्या आवृत्तीत १५७व्या पातळीपर्यंत गेला, तेव्हा खेळच गोठून बंद पडला. माणसापुढे त्या प्रोग्रॅमने हात टेकले. त्या पोराला मधे कुणी जाहिरात दाखवून जिवंत केलं नव्हतं.

तुम्ही मात्र करता. ठोकळे छताला टेकले की तुमच्या पडद्यावर बटण येतं, 'जाहिरात बघा आणि पुढे खेळा'. जाहिरात बघितली की वरच्या ओळी उडतात. नको असेल तर हिरे विकत घ्या, हिरे संपले तर आणखी घ्या. खो-खोत बाद झालेल्या गड्याने पंचाच्या हातावर पैसे ठेवून पुन्हा मैदानात उतरावं, तसं आहे हे. मग पळायचं कशाला? चुकीचा ठोकळा ठेवला त्या क्षणी पोटात जो गोळा यायचा, खाली राहून गेलेलं ते एक भोक निस्तरताना जी तंद्री लागायची, तोच तर हा खेळ होता. तो तुम्ही काढून घेतलात आणि रंगीत फटाके ठेवलेत.

माझी मुलगी तुमचा खेळ खेळताना मी बघत होतो. ठोकळे वर आले, आणि तिची नजर पटावर गेलीच नाही. बोट थेट जाहिरातीच्या बटणावर. कुठे चुकलं, चार चौकटींचा सरळ दांडा येईल म्हणून कडेची फट किती वेळ उघडी ठेवली, हे बघायची तिला गरजच उरली नव्हती. मला त्या वेळी तुमचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. हरल्यावर क्षणभर थांबून पटाकडे बघणं हा तिचा हक्क होता, आणि त्या क्षणाला तुम्ही जाहिरात चिकटवलीत.

आणखी एक. टेट्रिसच्या आजच्या अधिकृत नियमांत सातही तुकडे पिशवीत घालून ढवळल्यासारखे येतात. एका दांड्यानंतर दुसरा येईपर्यंत मधे फार तर १२ तुकडे पडतात, हे खेळाडूला आधी ठाऊक असतं. तुमच्या खेळात तुकडे कोणत्या नियमाने येतात? तुम्ही ते कुठेही सांगितलेलं नाही. जिथे माझ्या हरण्यावर तुमची कमाई आहे तिथे हा नियम लपवून ठेवणं मला मान्य नाही.

तुम्ही अडाणी असतात तर मी पत्र लिहिलं नसतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये तुकडा वळतो तो झकास, आवाज नेमका, बोटाखाली काही अडखळत नाही. हे ज्याने केलं त्याला खेळ कळतो. म्हणूनच तुमचा गुन्हा मोठा आहे.

तुमची मेहनत फुकट द्या असं मी म्हणत नाही. खेळाची एक किंमत ठरवा, ती एकदाच घ्या. हिरे, रोजची बक्षिसं, रात्री वाजणारी 'तुमचे ठोकळे वाट बघताहेत'ची सूचना, हे सगळं काढून टाका. तुकड्यांचा नियम उघड लिहा. आणि खेळ संपला की तो संपू द्या. त्या खेळाचे पैसे मी आनंदाने मोजेन.

आपला,
हरायला तयार असलेला एक खेळाडू