वाचता येत नसल्याचा दाखला वाचून सही करा

लोणावळ्यात चिक्की घ्यायला उतरलेला मुंबईकर ‘अस्सल’ दुकान शोधताना पाट्यांपुढे जसा गरगरतो, तसं आमच्या नाणे मावळातल्या एका चौथीच्या पोराचं पुस्तकापुढे होतं. सगळी अक्षरं एका वळणाची. ‘भात’चं ‘मात’ होतं, ‘घाट’चं ‘धाट’. मुंबईकराला मात्र कुणी अंगठे धरायला लावत नाही.

याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे गावाला २००७ साली आमिर खानने सांगितलं. ‘तारे जमीं पर’मधलं मुंबईचं पोर बोर्डिंगात गेलं (शूटिंग पाचगणीचं) आणि तिथे त्याचं सोनं झालं. तेव्हापासून आमचा समज असा, की हे दुखणं इंग्रजी शाळेतल्या मुलांना होतं आणि डोंगरावर उतरतं. आमचं पोरगं जन्मलंच डोंगरात. त्याला आता कुठे धाडायचं?

त्यात त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही आणि कवायतीत ‘दहिने मूड’ म्हटलं की तो डावीकडे वळतो. हा डिस्प्रॅक्सिया. गुरुजींच्या मते ही मस्ती. छडीला २००९ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ते फूटपट्टी वापरतात. बोरघाटात अवजड ट्रक डावी लेन सोडून उजवीकडून रांगत चढतात, त्यांना मात्र डावं-उजवं शिकवायला कुणी पट्टी घेऊन जात नाही.

शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. इंग्रजीत वडगावला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, लोणावळ्यात ‘ए’ किती, हे पाटीगणिक बदलतं. कार्ला, कार्ले की कार्ली? दोन हजार वर्षं लेणी जागची हलली नाहीत, नाव अजून फिरतंय. गुण जातात ते फक्त पोराचे.

तशा सवलती आहेत हो. महाराष्ट्राने १९९६ मध्येच त्या दिल्या: जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुका माफ, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात डिस्लेक्सियाच्या पंगतीला डिस्प्रॅक्सियालाही पाट मांडलाय. फक्त दाखला हवा. नियमावलीप्रमाणे तो वयाच्या आठ वर्षांआधी मिळत नाही. मिळाला तरी चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. मधल्या काळात एकविरा आई पावेल, अशी सरकारला आशा असावी. अठराव्या वर्षी आशा सुटते आणि दाखला तहहयात होतो. तोवर दहावी-बारावी उरकलेली असते.

तर ऐन लावणीच्या दिवसांत रोज बुडवून बाप पोराला घेऊन कामशेतहून पुण्याच्या लोकलमध्ये बसला. तिथे दाखल्याच्या खिडकीवर अर्जाचा कागद मिळाला. वर छापलं होतं : ‘सूचना काळजीपूर्वक वाचून अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा.’ बाप कागदावर बोट ठेवून बराच वेळ ओठ हलवत राहिला. पाचवीत ‘ढ’ म्हणून शाळा सुटली होती त्याची. हे पुष्कळदा घराण्यातून येतं, हे त्याला कोण सांगणार? शेवटी घाम पुसत त्याने कागद आत सरकवला.

“अहो, तालुका ‘भावळ’ काय लिहिलंय?” कारकून खेकसला. मग त्याने पोराकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

“तुमचाही काढून घ्या की. अठराच्या पुढचे ना तुम्ही? एकदाच यावं लागेल.”