खोडवा

माढ्याशेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘सैराट’ २०१६च्या एप्रिलमध्ये आला आणि माढ्याकडं कॅमेऱ्याची अशी लागण झाली की उसाच्या रानात नवंच पीक उगवलं : निर्माता. उजनीच्या पाण्यावर दहा-बारा एकर ऊस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गाडीच्या काचेवर ‘फिल्म प्रोडक्शन’. गावात नुसतं ‘अण्णा’; पोस्टरवर मात्र नावाआधी ‘मा.’ लागतं.

पहिला सिनेमा कसाबसा निघतो, यूट्यूबवर बरा चालतो. खरी करमणूक दुसऱ्या भागाच्या बैठकीत असते.

अण्णांच्या लेखी दुसरा भाग म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्याला फुटणारं दुसरं पीक. “लागणीला नांगरट झाली, सरी झाली, बेणं आणलं. आता बुडखा जाग्यावरच हाय. खोडव्याला लागणीएवढा पैसा कोण घालतंय व्हय?”

हिरोही तयारीनं आलेला असतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे २०१०, २०१५ आणि २०१८ असे तीन भाग आले, तिन्हींत स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वेच!

“ते मुंबई-पुणे हाय. आपलं माढा-कुर्डुवाडी-माढा. डिझेल त्या हिशोबानं माग.”

वर अण्णा ‘झपाटलेला’चा दाखला देतात. १९९३ला नायक लक्ष्मीकांत बेर्डे, २०१३च्या दुसऱ्या भागात आदिनाथ कोठारे. टिकला तो बाहुला, तात्या विंचू. त्याच्यावर अण्णांचा फार जीव, कारण तो उचल मागत नाही. बाहुल्यामागं रामदास पाध्ये असतात आणि ते फुकट बाहुला नाचवत नाहीत, हे अण्णांच्या कानावर कुणी घालत नाही.

दिग्दर्शक पुण्याचा. तो करारपत्र काढतो, अण्णा रुमाल काढतात. बैलबाजारातल्यासारखी रुमालाखाली तीन बोटं दाबतात. तो बिचारा हस्तांदोलन समजून हात हलवतो. झाला सौदा!

उरलेली रक्कम चौदा दिवसांत द्या म्हटलं, की अण्णांना हसू आवरत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, कारखान्यानं चौदा दिवसांत द्यावी, असा कायदाच आहे. “मला कवा घावली ती येळंवर?”

अण्णा गार पडतात ते फक्त हिरॉइनच्या आईपुढं. बाईंचाही चार एकर ऊस. चहाचा कप बाजूला सारून त्या म्हणतात, “खोडव्याला खर्च नसतोय कसा? पाचट कुजवायचं, नांग्या भरायच्या, खत घालायचं. पोरीला पहिल्यापेक्षा दीडपट लागतील.” मग स्वतःच रुमाल पुढं करतात. “आन् हे बघा अण्णा, पुढं तिसऱ्या भागाचा निडवा धरणार असाल, तर त्याचाबी दर आत्ताच लिहून घ्या.”

अण्णा पोराला हाक मारून आणखी एक चहा सांगतात.