हेडबाईंचं पत्र

कॅटी, टेक्सास

ती. बाबा आणि आईंना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. म्हणजे कागदावर लिहिलेल्या पत्राचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. पण वर ‘श्री’ आणि खाली लफ्फेदार सही पाहिल्यावर उत्तरही पत्रानेच द्यायला हवं, असं वाटलं. तुम्ही प्रश्नांना क्रमांक घातले आहेत, म्हणून उत्तरं त्याच क्रमाने देते. एक, तुमच्या चिरंजीवांची नोकरी शाबूत आहे. दोन, नातवंडांना शाळेने काढलेलं नाही, आम्हीच काढलंय. तीन, फीचा काही प्रश्न नाही. इथली सरकारी शाळा फुकटच असते, पिवळी बस घराजवळ येऊन मुलांना घेऊन जाते. थोडक्यात, फुकटची शाळा सोडून आम्ही फुकटातलं शिक्षण शोधत फिरतोय. हे वाक्य आईंना वाचून दाखवू नका.

कारण तुम्हाला ठाऊक आहेच. चिरंजीवांचं काम ऐन वर्षाच्या मध्यावर गाव बदलायला लावतं. थोरला दोन राज्यांत दोनदा अपूर्णांक शिकला आणि भूमितीची दोन्हीकडे चुकामूक झाली. म्हटलं, बिऱ्हाड फिरतंच आहे तर शाळाही बिऱ्हाडाबरोबर फिरू दे.

तुम्ही शिक्षण हक्क कायद्याचं कलम काढून दाखवलंत. ते आपल्याकडचं. इथे राज्यागणिक कायदा निराळा. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली लीपर खटल्यात निकाल दिला की नीट अभ्यासक्रम धरून, खरोखर शिकवत असाल तर तुमचं घर हीच खाजगी शाळा. विषय पाच: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. सरकारदरबारी नोंदणी नाही, तपासणी नाही, परीक्षा नाही. (बाबा, पाणी प्या.) म्हणजे हेडमास्तर व्हायला तुमचे केस पांढरे झाले आणि तुमची सून एका पत्रावर हेडबाई झाली. जुन्या शाळेला कळवलं, अमुक तारखेपासून मुलं घरी शिकतील, की झालं. क्लार्क, शिपाई, पर्यवेक्षक, घंटा देणारी, सगळी मीच. चिरंजीव संस्थाचालक आहेत. ते पैसे देतात आणि प्रसंगी भाषण करतात.

पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या मैत्रिणीचं राज्य मात्र तुम्हाला पसंत पडेल. तिला नोटरीची सही घेऊन प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, वर्षाच्या १८० दिवसांचा हिशेब ठेवावा लागतो, तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित परीक्षा द्यायला लावावी लागते आणि वर्षअखेरीला मुलाच्या कामाची फाइल घेऊन मूल्यमापनकर्त्यापुढे बसावं लागतं. आपल्याकडे तपासणीला साहेब यायचे म्हटल्यावर आदल्या रात्री भिंतींवर तक्ते चिकटवायचे ना, तिच्याकडे मे महिना तसाच जातो.

आता तुमचा चौथा प्रश्न: ‘पुस्तके, साहित्य इत्यादींचा खर्च कसा भागवता?’

पहिला आधार सार्वजनिक वाचनालयाचा. वर्गणी नाही, डिपॉझिट नाही. पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड हातात. एका कार्डावर किती पुस्तकं, असं विचारलं तर बाईंनी सांगितलेला आकडा ऐकून मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. आम्ही भाजीची ट्रॉली घेऊन जातो आणि ती भरून आणतो. उशीर झाला तर दंडसुद्धा नाही. लिबी नावाचं अ‍ॅप आहे, त्यात त्याच कार्डावर ई-पुस्तकं आणि बोलकी पुस्तकं मिळतात. गाडीत दोन तास मुलं भांडत नाहीत ती त्याच्याच कृपेने. शिवाय वर्षातून एकदा वाचनालयाची जुनी पुस्तकं विकायला काढतात. शेवटच्या दिवशी पिशवीच्या भावाने. पिशवीत मावेल तेवढं तुमचं. तुमच्या चिरंजीवांनी त्यात जाडजूड विश्वकोशाचे खंड आणले, १९८५ सालचे. का, तर कोणी घेत नव्हतं. आता थोरला सोव्हिएत युनियनची राजधानी, लोकसंख्या आणि मुख्य पिकं धडाधड सांगतो. देश विसर्जित झालाय हे त्याला कळलंय, पण पाठ केलेलं वाया जाऊ नये म्हणून पाहुण्यांपुढे म्हणून दाखवतो.

गणितासाठी खान अकॅडमी. आई, तो सलमान खान नव्हे. नाव तेच, माणूस वेगळा. २००४ साली याने दूरगावच्या मामे-चुलत बहिणीला फोनवर गणित शिकवायला घेतलं, पुढे त्याचे व्हिडिओ झाले, आणि आता बालवाडीपासून कॉलेजपर्यंतचं सगळं देणग्यांवर फुकट चालतं. चांगलं आहे. फक्त बरोबर उत्तराला गुण आणि शाबासकी इतकी मिळते की धाकटी सोपी गणितं पुन्हा पुन्हा सोडवून शाबासक्या जमवत बसते. तुमच्या वर्गात शाबासकी वर्षातून एकदा मिळायची, ती तुमचे चिरंजीव अजून सांगतात.

सगळ्यात महाग काय पडतं सांगू? फुकटच्या वर्कशीट. इंटरनेटवर त्यांचा नुसता पाऊस आहे. फुलपाखरू रंगवा, ठिपके जोडा, गाळलेल्या जागा भरा. प्रत्येक पानाला चौकट, चौकटीला फुलं, फुलांना सात रंग. आमच्या प्रिंटरची शाई पहिल्याच महिन्यात आटली आणि नव्या शाईचा भाव पाहून चिरंजीवांनी संस्थाचालक या नात्याने परिपत्रक काढलं: यापुढे पाटी. आई, तुम्ही मागच्या खेपेला दिलेली दगडी पाटी हौस म्हणून भिंतीवर टांगली होती. ती खाली उतरली. धाकटी पालथ्या मुठीने पुसते. थुंकीही लावते. हे तिला कोणी शिकवलं नाही.

इथली दुकानंही शिक्षणखात्यात असल्यासारखी वागतात. होम डेपो म्हणून सुतारकामाच्या सामानाचं अवाढव्य दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे मुलांना लाकडी खेळण्याचं किट फुकट देतात, नारिंगी एप्रन देतात, हातोडीने ठोकून वस्तू तयार झाली की एक बिल्लाही देतात. मुलं छोटी हातगाडी घेऊन आली. चिरंजीव ड्रिल मशीन घेऊन आले. त्या हातगाडीची किंमत काढली तर तिच्यात बसून हरिद्वारला जाऊन येता आलं असतं.

पिझ्झा हटची ‘बुक इट’ नावाची योजना आहे, १९८४ पासूनची. महिन्याचं वाचनाचं उद्दिष्ट पुरं केलं की मुलाला एक छोटा पिझ्झा फुकट. घरी शिकणाऱ्या मुलांनाही चालते. बाबा, तुमच्या शाळेत पुस्तक वाचल्याचं बक्षीस म्हणजे आणखी एक पुस्तक असायचं. पण मुद्दा निराळाच आहे. उद्दिष्ट ठरवायचं शिक्षकाने, म्हणजे मी. त्यामुळे दर एक तारखेला हेडबाईंच्या दालनात, म्हणजे ओट्यापाशी, शिष्टमंडळ येतं. धाकटीचं म्हणणं, पुस्तकं मोजा, पानं मोजू नका. तिची पुस्तकं बारा-बारा पानांची असतात आणि त्यात निम्मी बदकं. थोरल्याचं म्हणणं, मिनिटं मोजा, कारण तो पुस्तक उघडं ठेवून छताकडे बघू शकतो. शेवटी मी वाचलेली गोष्ट आजोबांना फोनवर सांगायची अट घातली. आलं लक्षात, मागच्या महिन्यात रोज संध्याकाळी फोन का येत होता?

सहलींचं म्हणाल तर टेक्सासच्या राज्य उद्यानांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. ब्राझोस बेंडला आम्ही वरचेवर जातो. तिथे वाटेच्या कडेला सुसरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेले असतात आणि पाटी असते, अंतर ठेवा. ‘चांगलं नागरिकत्व’ हा विषय त्या दिवशी पुरा होतो. ह्यूस्टनचं मेनिल हे कलासंग्रहालय कायमचंच फुकट आहे. शिवाय चौथीतल्या मुलाला केंद्र सरकार वर्षभराचा पास देतं, त्यावर गाडीतलं सगळं कुटुंब राष्ट्रीय उद्यानांत विनाशुल्क जातं. घरी शिकणारं मूल दहा वर्षांचं असलं की त्यालाही. म्हणजे सध्या आमच्या घरातला एकमेव कर्ता पुरुष थोरला आहे. नाक्यावर पास तोच दाखवतो आणि आम्ही तिघं मागे गरीब चेहऱ्याने बसतो.

सॅन अँटोनियोला जुन्या स्पॅनिश मिशनांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका देतात. त्यातले प्रश्न तिथेच हिंडून, भिंती आणि कमानी बघून सोडवायचे. मग टोपी घातलेला खरा वनरक्षक पुस्तिका पानन् पान तपासतो. अगदी पानन् पान. धाकटीने एक प्रश्न सोडला होता, तर तिला परत विहिरीपाशी धाडलं. त्यानंतर उजवा हात वर करून शपथ आणि छातीला बिल्ला. राज्यपालांपुढे मंत्री घेतात त्याहून गंभीर चेहऱ्याने तिने शपथ घेतली. आणि पाळतेसुद्धा: घरात कोणी चॉकलेटचा कागद खाली टाकला की बिल्ला दाखवते.

इथे घरी शिकवणाऱ्या आयांचे गट असतात, को-ऑप म्हणतात. आठवड्यातून एकदा जमायचं, जिला जे येतं ते तिने सगळ्यांच्या मुलांना शिकवायचं, हॉलच्या भाड्यापुरते दोन-चार डॉलर काढायचे. एकजण स्पॅनिश शिकवते, एकजण नर्स आहे ती शरीरशास्त्र शिकवते. मी केमिस्ट्रीची पदवी दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि योग दिला. आता मी शाळेतल्या पीटीच्या सरांना स्मरून सूर्यनमस्कार घालून घेते. बारा नावं संस्कृतात म्हणतात हो मुलं, काऊबॉय बूट काढून ठेवून.

तेव्हा साहित्याला काही तोटा नाही. उलट इतकं आहे की नाही म्हणायला शिकावं लागतं. सुरुवातीला मी दिसेल ते उतरवून घेत होते, संगणकात एवढं शिक्षण साठलं की त्याला हलता येईना. माझं मत विचाराल तर एक वाचनालय, एक गणित आणि रोज मुलांशेजारी बसणारं एक माणूस, एवढं पुरतं. यातलं तिसरं काही फुकट नाही. माझा निम्मा पगार गेला, ही किंमत हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही म्हणून मी इथे लिहिते. जिला ती परवडत नाही तिने पिवळ्या बसला खुशाल हात करावा, त्यात काही कमीपणा नाही.

आता खास तुमच्यासाठी. कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची विज्ञानाची खेळती प्रात्यक्षिकं आहेत. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली. फुकट, आणि मराठीतसुद्धा. मागच्या रविवारी तुम्ही कराडला आणि थोरला इथे, दोघांनी एकच विद्युतमंडल जोडलं, आठवतंय ना? तुमचा दिवा आधी पेटला, तेव्हापासून तो खार खाऊन आहे. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवता येतात, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींचा साठा आहे.

पण मागच्या महिन्यातली गंमत ऐका. साने गुरुजींचं एक पुस्तक छापील स्वरूपात हवं होतं. आमच्या वाचनालयाने ते दुसऱ्या एका विद्यापीठातून मागवून दिलं, एक पैसा न घेता. जुनी बांधणी, पिवळी पानं, आतल्या पानावर मंडईजवळच्या पुस्तकविक्रेत्याचा पुसट शिक्का आणि त्याखाली विद्यापीठाचा. हे इथे आलं कसं म्हणून चौकशी केली. तुमच्या लहानपणी रेशनवर पी. एल. ४८० चा अमेरिकन गहू यायचा, ज्याच्या पोळ्या रबरासारख्या ताणायच्या असं तुम्ही सांगता. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले. त्यातल्याच काही रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली गेली. म्हणजे तुम्ही चावून चावून खाल्लेल्या पोळीचं पुस्तक तुमच्या नातवाने वाचलं. गहू वाईट होता, सौदा वाईट नव्हता.

पाढे मात्र कुठल्याच संकेतस्थळावर आपल्यासारखे नाहीत. इथे बारापर्यंत आले की टाळ्या वाजवतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी ही तुमच्या गळ्यातूनच यायला हवी. आमच्याकडे सकाळचे आठ वाजले की तुमचा संध्याकाळचा चहा झालेला असतो. सोमवारपासून रोज अर्धा तास तुमची नेमणूक केली आहे. मानधन नाही. आदेश हेडबाईंचा आहे.

आणि एक काम. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करायची कृती आहेत, मराठी पुस्तकंही ढीगभर आहेत, सगळं विनामूल्य. आयआयटीत शिकलेला हा माणूस टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादच्या खेड्यातल्या शाळांसाठी विज्ञान शिकवायला गेला आणि आगपेटीच्या काड्या व सायकलची वॉल ट्यूब जोडून भूमितीचे आकार करायला लागला. पुढे पुण्यात आयुकामध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवलं. थोरल्याची चुकलेली भूमिती मला याच रस्त्याने भरून काढायची आहे. काड्या मिळाल्या. वॉल ट्यूब मिळत नाही. इथल्या सायकलवाल्याने मला चार प्रकारचे पंप दाखवले, एकाची किंमत ऐकून मी बाहेर आले. तेव्हा स्टँडसमोरच्या सायकलवाल्याकडून दहा-पंधरा मीटर घ्या. शेजारच्या काकू दिवाळीनंतर लेकीकडे डॅलसला येताहेत, त्यांच्या बॅगेत चकलीच्या डब्याला गुंडाळून द्या. वजन नाही, जागा लागत नाही. कस्टममध्ये विचारलं तर शैक्षणिक साहित्य म्हणून सांगायला सांगा.

आईंना नमस्कार. मुलांचे दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमची,
सूनबाई
(मुख्याध्यापिका)

ता. क. वॉल ट्यूब काळी मिळाली तरी चालेल, पण भोक बारीक बघून घ्या. इथल्या काड्या सडपातळ आहेत.