पट्ट्याने दिलेला प्रांत

1902 साली निजाम सरकारने सबंध वऱ्हाड प्रांत, त्यातील कापसासकट आणि उन्हाळ्यासकट, सालीना 25 लाख रुपयांच्या खंडाने इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्यावर देऊन टाकला. आणि पुढे 120 वर्षांनी, 2022 च्या लिलावात, अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा पंजाबच्या संघाने 20 लाखांत उचलला, तेव्हा प्रांताच्या एका सालाच्या खंडापेक्षा आपला माणूस पाच लाखांनी स्वस्त पडला, हे त्रैराशिक अकोल्याच्या आमच्या पानठेल्यावरील मंडळास मुळीच अपमानास्पद वाटले नाही. स्वस्त माणसे हुडकणे हाच मुळी मंडळाचा व्यवसाय होता.

मोबाइलवरील ड्रीम-इलेव्हनच्या खेळात प्रत्येकास 100 क्रेडिटांची थैली मिळे, कप्तानाचे गुण दुप्पट धरले जात, आणि बड्या नावांच्या पायी थैली रिती झाली की उरलेल्या जागा अल्पमोली इसमांनी भराव्या लागत. नेमक्या त्याच घटकेस आमचा प्रांताभिमान जागृत होई. मग दप्तर उघडावे, तशा एकेकाच्या हकिकती निघत. अकोल्याचा आदित्य ठाकरे, ज्याने प्रथम श्रेणीतील पदार्पणच 2017-18 च्या रणजी अंतिम सामन्यात केले, तोही विदर्भाने जिंकलेल्या. दर्शन नळकांडे, ज्याने 2021 च्या मुश्ताक अली उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे चार गडी लागोपाठ चार चेंडूंत बाद केले आणि तरीही विदर्भ हरला. (तो वर्ध्याचा, म्हणजे नदीपलीकडचा, असा आक्षेप एका सद्गृहस्थाने रुजू केला, तो बहुमताने बरखास्त झाला.) आणि अकोल्याचाच अथर्व तायडे, ज्यास 2023 च्या मे महिन्यात धरमशाला येथे, 55 धावांवर नाबाद असताना, धावा मंदावल्या म्हणून निवृत्त होऊन परतावे लागले. या अन्यायावर मंडळाने दोन कप चहाइतका शोक केला आणि पुढच्या सामन्यास त्याला वगळले.

27 मे 2025 रोजी लखनौच्या मैदानावर बंगळुरूला 228 धावा हव्या होत्या. जितेशचे मोल एव्हाना 11 कोटी झाले होते आणि त्या दिवशी संघाची धुराही त्याच्याकडेच होती. आम्ही त्याला संघात घेतले; परंतु कप्तानपदाचा प्रश्न निघताच मंडळातील ज्येष्ठ सभासद, जे एरवी मुंबईकरांच्या पक्षपातावर अव्याहत बोलतात, घसा खाकरून म्हणाले, "आपला पोरगा लय गुनी हाय बाप्पा, पन कप्तान विराटच ठेवा. उगीच रिक्स कायले घ्याची?"

विराटने 54 केल्या. जितेशने 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या, सामना जिंकला, आणि आमच्या खात्यावर त्याचे गुण एकपटच जमा झाले.

त्याच सालच्या ऑगस्टात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. निवड समित्यांना वऱ्हाडातील खेळाडू दिसत नाहीत, अशी आमची जी जुनी तक्रार आहे, तिच्यात मात्र या बंदीने काडीचाही फरक पडलेला नाही. मंडळ आता सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर फर्द लिहिते, पैजेस फक्त चहा असतो. कालच्या फर्दीत अथर्व तायडे अकराव्या जागी आहे, खोडून पुन्हा लिहिलेला. कप्तान विराट.