शिफारस नाही, एवढंच म्हटलंय

नको म्हणायला इंग्रजी पत्राला जेवढे शब्द लागतात, तेवढ्यात आमच्याकडे ठरलेलं लग्न मोडून, देणीघेणी मिटवून मंडळी परतीच्या एसटीत बसलेली असतात. हे मी अधिकाराने सांगतो. पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. लोक घर बांधतात, मग त्यांना घराचा कंटाळा येतो, मग ते एखादा खांब काढायला निघतात. खांब काढू नका, हे त्यांना सन्मानपूर्वक कळवणं यावर माझा संसार चालतो.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. हिशेब तोंडी करतात आणि निकालही तोंडीच देतात. "त्याला म्हणावं, बीमला भोक पाडलंस तर एसीचा पाइप जाईल खरा, पण पाठोपाठ तूही जाशील." हे वाक्य लेटरहेडवर उतरेपर्यंत त्याचं 'इट मे बी प्रूडंट टु अव्हॉइड एनी ओपनिंग इन द सेड बीम' झालेलं असतं. भोक आलं, बीम आला, शहाणपणही आलं. मरण तेवढं गळलं.

याचं कारण असं की, अशा पत्राला वाचक दोन असतात. एक, ज्याला भोक पाडायचंय तो. दुसरा, सगळं कोसळल्यावर फाइल उघडणारा. पहिल्याला राग येता कामा नये, कारण त्याने अजून फी दिलेली नसते. दुसऱ्याला शंका येता कामा नये, कारण त्याच्यासोबत पोलीस असतात. पहिल्याला वाटावं की आपल्याला कुणी काही मना केलं नाही, आणि दुसऱ्याला वाटावं की यांनी तर केव्हाच बजावलं होतं. हे एकाच वाक्यात साधायचं, तर मराठीत माणूस वेडा होईल. इंग्रजीत 'मे बी' असतं.

या 'मे बी'ची थोरवी बघायची तर सिगारेटचं पाकीट बघा. अमेरिकेने १९६५ साली कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून पाकिटावर इशारा आला: सिगारेट ओढणं आरोग्याला घातक असू शकतं. असू शकतं! आपण १९७५ साली कायदा केला आणि ते 'असू शकतं' गाळून सरळ 'अपायकारक आहे' म्हणून टाकलं, याबद्दल मला देशाचा अभिमान आहे. पण 'ओढू नका' हे दोघांनीही लिहिलं नाही. माहिती दिली आणि बाजूला झाले.

इंग्रजांना एका शब्दात नको म्हणता येत नाही, असंही नाही. लंडनच्या 'पंच'ने १८४५ साली लग्नाच्या बेतात असलेल्यांना उद्देशून एकाच शब्दाचा सल्ला छापला होता: करू नका. तो विनोद म्हणून गाजला, यातच सगळं आलं.

गेल्या उन्हाळ्यात एक बंगलेवाले आले. त्यांना गच्चीवर पोहण्याचा तलाव हवा होता. फार मोठा नाही, पंधरा बाय दहा, चार फूट खोल. नातवंडं डुंबतील एवढाच. साहेबांनी गच्चीचं जुनं ड्रॉइंग बघितलं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, चौरस मीटरला दीड किलोन्यूटन भार धरतात. म्हणजे साधारण दीडशे किलो. मीटरभर खोल पाणी चौरस मीटरला हजार किलो भरतं. चार फुटांचे झाले बाराशे. म्हणजे आठपट, आणि एकूण पाणी सतरा टन. टाकीच्या भिंती वेगळ्या. साहेब मला म्हणाले, "त्याला विचार, मिरवणुकीतले चार हत्ती गच्चीवर नेऊन उभे करशील का? आणि हे हत्ती तर रविवारी उड्याही मारणार."

मी लिहिलं, 'वुई वुड नॉट रेकमेंड द प्रपोज्ड वॉटर बॉडी.' दोन दिवसांनी बंगलेवाल्यांचा फोन. "पत्र मिळालं. इंग्रजी फार सुरेख. तुमची शिफारस नाही, हरकत नाही. आम्ही आयुष्यात सगळं शिफारशीशिवायच केलंय."

पुढच्या पत्रात 'स्ट्राँगली अ‍ॅडव्हाइज अगेन्स्ट' घातलं. उत्तर आलं, तुमचं मत स्ट्राँग आहे हे समजलं, आता स्लॅब स्ट्राँग करायचं बघा.

माझा भाचा हिंजवडीत असतो. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे यावर केव्हाच निकाल लागलाय." आणि खरंच लागला होता. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींसाठी हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये एक छोटा दस्तऐवज लिहिला, आरएफसी २११९. कुठल्या शब्दात किती नकार भरलाय, हे त्यात ठरवून दिलंय. 'मस्ट नॉट' म्हणजे साफ बंदी. 'शुड नॉट' म्हणजे एखाद्या प्रसंगी केलं तर चालेल, कदाचित उपयोगीही पडेल, पण परिणाम नीट समजून घ्या आणि तोलून बघा. "आणि 'नॉट रेकमेंडेड'?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "ते 'शुड नॉट'च्याच ओळीत बसतं." म्हणजे बंगलेवाल्यांचं वाचन आंतरराष्ट्रीय दर्जाचं होतं.

पुढे २०१७ साली त्याला जोडपत्र निघालं: हे शब्द कॅपिटल अक्षरांत असले तरच त्यांना हा अर्थ, नाहीतर ते नुसतं इंग्रजी. मला हे फार आवडलं. जगभरच्या इंजिनिअरांनी एकत्र येऊन मान्य केलं की ओरडल्याशिवाय नकार धरायचा नाही. तिसऱ्या पत्रात मी 'मस्ट नॉट' कॅपिटलमध्ये टाइप केलं, ठळक केलं, खाली रेघ मारली. बंगलेवाल्यांचा फोन आला, "साहेब रागावलेत का?" साहेब मला म्हणाले, "ओरडायचंच होतं तर फोन माझ्याकडे द्यायचा."

मधल्या काळात त्यांच्या आर्किटेक्टने आपली अक्कल चालवली. तो 'येस मिनिस्टर' बघून मोठा झालेला. बीबीसीवर १९८० साली सुरू झालेल्या त्या मालिकेत सर हम्फ्री मंत्र्याच्या निर्णयाला नुसतं 'करेजस' म्हणतात आणि मंत्र्याचं रक्त गोठतं. आर्किटेक्टने पत्रात लिहिलं, 'इट इज अ करेजस कन्सेप्ट.' बंगलेवाल्यांनी ती मालिका पाहिली नव्हती, आणि २००१ साली फारूक शेख यांना घेऊन निघालेलं तिचं हिंदी भावंड 'जी मंत्रीजी'ही नाही. त्यांनी ते पत्र घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर एकोणीस अंगठे आले, असं कळलं.

"मराठीत पाठव रे," साहेब वैतागून म्हणाले. पण लेटरहेड पुढ्यात आलं की मराठीही शेरवानी घालते. 'प्रस्तुत गच्चीवर जलतरण तलाव बांधणे संयुक्तिक होणार नाही.' यातून कोण घाबरेल? मंत्रालयातल्या नस्तीत हे वाक्य मुरतं, माणसावर त्याचा परिणाम होत नाही. खरी मनाई माझ्या आत्याला यायची. ती कधीच नको म्हणत नसे. "बांध की. आम्ही कोण सांगणार? तुझी गच्ची, तुझं पाणी." एवढं बोलून ती लसूण सोलायला घ्यायची. यानंतर काही बांधण्याची हिंमत आमच्या घराण्यात कुणाला झालेली नाही. पण हे जावक क्रमांक घालून कसं पाठवणार? आणि सोबत लसूण कोण सोलणार?

शेवटी मी सल्ला देणंच सोडलं. चौथं पत्र तीन ओळींचं होतं. आपल्या इच्छेप्रमाणे तलाव करता येईल. त्यासाठी खांबांचं जॅकेटिंग, नवे बीम आणि पाया तपासण्यासाठी खोदाई, याचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. आमच्या फीपैकी निम्मी आगाऊ द्यावी. यात शुड नव्हतं, मस्ट नव्हतं, एकही नकार नव्हता. फक्त आकडा होता, तो कॅपिटलमध्ये करता येत नाही, पण गरजही पडली नाही.

आठवडाभर सामसूम. मग त्यांचंच पत्र आलं, आमच्याहून खानदानी इंग्रजीत: तलावाचा विषय तूर्त 'इन अबेयन्स' ठेवण्यात येत आहे, त्याऐवजी गच्चीवर दीड फूट माती टाकून लॉन करण्याचा मानस आहे, तरी कृपया मान्यता कळवावी.

ओल्या मातीचं वजन घनमीटरला पावणेदोन-दोन टन. दीड फुटाचे चौरस मीटरला आठशे किलो तरी झालेच. साहेबांनी हा हिशेब नेहमीप्रमाणे तोंडी केला आणि निकालही तोंडीच दिला. बाहेर आर्किटेक्ट बसला होता, म्हणून मी उठून केबिनचं दार लावून घेतलं. निकाल पूर्ण ऐकून घेतला आणि टाइप करायला बसलो: 'वुई हॅव नोटेड युवर रिव्हाइज्ड प्रपोजल विथ ग्रेट इंटरेस्ट.'