मेलेले सुखरूप, जिवंत गहाळ

"बॅकअप आहे" हे नानाकाका अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, एफडीच आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचा कुलवृत्तांत हाती घेतला. गावोगाव फिरून जुने फोटो, तिथ्या, कोण कुणाकडे दत्तक गेलं, सगळं कॉम्प्युटरात भरलं. मग कॉम्प्युटर टक्‌-टक्‌ करू लागला. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने डिस्क कानाला लावली, "काका, हेड गेलंय" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. तो टेकला की ओरखडा, आणि ओरखड्याखाली जे कोणी पूर्वज असतील ते गेले. उघडायची तर धूळ नसलेल्या खास खोलीत. त्याचा खर्च ऐकून नाना म्हणाले, "एवढ्यात दोन मुंजी होतात." शेजाऱ्यांनी डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं. या उपायाने आत दव धरतं आणि उरलंसुरलंही जातं, पण माझं कोण ऐकतो? काकू म्हणाली, "त्यात माझे मटार आहेत," आणि डिस्क वाचली.

"असू दे. बॅकअप आहे."

बॅकअप म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची एक अगडबंब झिप फाइल. ती उघडेना. धीर द्यावा म्हणून मी पिक्सारची गोष्ट सांगितली. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चुकीच्या एका कमांडने पुसला जाऊ लागला, बॅकअपही सदोष निघाला. पण गॅलिन सुसमन या बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या प्रतीने सिनेमा तारला. नानांनी शांतपणे ऐकलं. "आपल्याकडे सध्या बाळंतीण कोण आहे?" नंतर पिक्सारने तो सिनेमा बराचसा नव्यानेच केला, हे मी गिळलं.

झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. कॉपी पुरती व्हायच्या आत कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला वायर उपटली होती. (कुणी, यावर घरात दोन तट आहेत.) शेवटच नाही, तर अनुक्रमणिका कुठली! पण आतल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावरही तिचं नाव असतं, म्हणून दुरुस्तीचा प्रोग्रॅम पहिल्यापासून एकेक सोडवत जातो. तो चौथ्या पिढीत थांबला. नानांचे फोल्डर पिढीवार. मूळपुरुष, त्यांच्या दोन्ही बायका, काशीला जाऊन परत न आलेले आजोबा, सगळे नावानिशी हजर. घराण्यातले मेलेले सुखरूप, जिवंत तेवढे गहाळ.

जिवंतांसाठी फोटोरेक चालवलं. झिपला जागा हवी म्हणून नानांनी त्याच डिस्कवरचे सुटे फोटो उडवले होते. उडवलेली फाइल लगेच जात नाही. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून असते. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांचं हे फुकट साधन नावगाव विचारत नाही. 'एफएफ डी८ एफएफ' अशी सुरुवात दिसली की जेपेग समजून उचलतं आणि आकडे घालून बारसं करतं. हजारो चेहरे आले. नाव एकालाही नाही. कुलवृत्तांतात दुसरं असतं काय? तारखा बघाव्यात, तर नानांनी जुने फोटो ज्या कॅमेऱ्याने टिपले त्याचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. पणजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे १ जानेवारी २००७चे.

मग ओळखपरेड. पाटावरच्या उघड्या बाळावर चौघांनी हक्क सांगितला. एका देखण्या तरुणावर आत्या खूश: "हा कोण गं? नाक आपलंच." काकूने चष्मा लावला. "अहो, हा सविताला सांगून आलेला. आपण नाकारला ना!" त्याची बायोडाटासकट फाइल खणखणीत आली होती, पत्रिकेसुद्धा.

सविताताईच्या नवऱ्याने हळूच विचारलं, "माझा सापडला का?"

सापडला होता. नाकापर्यंत. खाली सगळं राखाडी.