सव्वा क्विंटल पाणी

आमच्या शेंदूरजनाघाटात पाण्याकडे कुणी नुसतं पाहत बसत नाही. पाणी इथे फुटांत मोजतात. अमक्याच्या बोअरला सहाशेवर लागलं, तमक्याचा हजार गाठूनही कोरडाच निघाला, अशा बातम्या चहाच्या टपरीवर लग्न जुळल्या-मोडल्याच्या सुरात सांगितल्या जातात. वरूड तालुक्याचं भूजल सरकारी कागदावर अतिशोषित ठरून बरीच वर्षं झाली. त्यात आमचं पीक संत्र्याचं, म्हणजे झाडाला बहर यावा म्हणून आधी त्याचं पाणी तोडायचं. आंबिया बहरासाठी थंडीत आणि मृग बहरासाठी ऐन उन्हाळ्यात. पानं मलूल होईस्तोवर ताण द्यायचा, मग एके दिवशी पाणी सोडायचं, की झाड जिवाच्या भीतीनं फुलून येतं. अशा गावात काचेच्या पेटीत पाणी भरावं, त्यावर दिवा लावावा आणि समोर खुर्ची टाकून बसावं, हा थाट नवाबी म्हणायचा. त्या पाण्यावर ना भाजी शिजते, ना बहर धरतो.

आमची पेटी तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच. गणित केलं तर साडेचार घनफूट, म्हणजे काठोकाठ सव्वाशे लिटरच्या थोडं वर. शेजारच्या नर्सरीवाल्या काकांनी लिटरच्या भानगडीत न पडता मनातल्या मनात काटा लावला. "सव्वा क्विंटल झालं ना बाप्पा! टेबल पेलन का?" शंका रास्त होती. वाळू आणि काच धरली तर वजन दीड क्विंटलच्या पुढे जातं, आणि बियाण्याच्या पोत्यासारखं उचलून ते दुसऱ्या कोपऱ्यात ठेवता येत नाही. म्हणून लोखंडी स्टँड, त्यावर जाड फळी, फळीवर थर्माकोल. फळी कुठे उंचसखल असेल तर थर्माकोल दबून सांभाळून घेतो. काचेच्या अंगी एवढा समंजसपणा नाही.

तळाला घालायची वाळू आणि खडे मात्र परीक्षा घेऊन निवडावे लागतात. खड्यात चुना असला तर तो पाण्यात हळूहळू विरघळून आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतो. परीक्षा सोपी आहे. खड्यावर लिंबू पिळायचं. बारीक फेस उठला की खडा नापास. लिंबाच्या कुळातली झाडं वाढवण्यात ज्या गावाची हयात गेली, तिथे लिंबू पिळून दगड पारखण्याला कुणी हसलं नाही. उलट काकांनी अंगणातले चार खडे उगाचच तपासून घेतले.

पाणी भरलं, वाळू बसली, फिल्टर गुणगुणू लागला. बघ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाचा एकच सवाल: "मासोया कुठी हायेत?" मासोळ्या यायच्या होत्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांनाच मारतो. फिल्टरच्या स्पंजात एका जातीचे जिवाणू वस्तीला आले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे येतात आणि त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसवतं. ही अदृश्य बिऱ्हाडं जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाणं टाकत, रिकाम्या पाण्याची राखण करायची. पाहुण्यांना हे पटेना. काकांना एका वाक्यात पटलं. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून महिनोन्महिने वाट पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "खुंटच तयार नाही त डोया कुठी भरतं?" असं म्हणून त्यांनी बाकीच्यांना गप्प केलं.

आजीचं आणि माशांचं मात्र पहिल्या दिवसापासून वाकडं. तिच्या राज्यात रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं, गुंड घासून ताजं भरलं जातं. माशांना नेमकं शिळंच हवं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंगचा क्लोरीन असतो. ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवलं की तो उडून जातो. आठवड्याला पाव हिस्सा जुनं पाणी काढून हे निवलेलं पाणी भरायचं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे फुकटचं खतच, हे आजीला कळल्यापासून तिचा विरोध मावळला. आता पाणी बदलायची आठवण तीच करते.

मासे निवडताना हौसेपेक्षा बोअरचं ऐकावं. आमच्या माठाला पांढरी पुटं चढवणारं पाणी अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला मानवत नाही. गप्पी आणि मॉली त्यात मजेत राहतात. गप्पीचं नाव 1866 साली त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून पडलं. आपल्याकडे ती आरोग्य खात्याच्या नोकरीत आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत आणि डबक्यांत तिची नेमणूक होते. शेपटीला झालर असलेली तिची बहीण अमरावतीच्या दुकानात पैसे मोजून घ्यावी लागते, एवढाच भेद. पेटीसोबत हीटर गळ्यात मारायला बघतात. पंचेचाळीस अंशांच्या गावात तो घेऊ नये. त्याऐवजी बॅटरीवरचा हवेचा पंप घ्यावा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि लाईन नेमकी तेव्हाच जाते.

काकांची जुनी बाग गेल्या उन्हाळ्यात वाळली आणि तोडावी लागली. संध्याकाळी ते येतात, चपला बाहेर काढतात, पेटीसमोर बसतात. उत्पन्न किती, खर्च किती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदा एवढंच विचारलं, "मासोयीले तहान लागत असन का रे?" मी सांगितलं, गोड्या पाण्यातला मासा पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. कल्ल्यांतून आणि कातडीतून ते आपोआप आत शिरतं. त्याचा सगळा खटाटोप जास्तीचं पाणी बाहेर टाकण्याचा. काका बराच वेळ पाहत राहिले. "म्हंजे थ्याले पान्याचा तरासच हाये," ते म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की आजी आतून बघायला आली.

गप्पीची मादी महिन्याकाठी वीस-तीस पिल्लं देते, त्यामुळे आमच्याकडे त्या नेहमीच जास्त असतात. कुणाला हव्या असतील तर बरणी घेऊन या, घरच्या हौदात किंवा टाक्यात सोडा. फक्त चुडामणी नदीत किंवा अप्पर वर्धा धरणात सोडू नका. तिथे आपल्या मासोळ्या आहेत, आणि ही परकी पाहुणी त्यांचं खाणंही खाते, पिल्लंही.